जुनं पुसलं गेलं की नवं लिहिलंच नाही? रिंग बफरचा वळसा आणि ड्रॉप

ट्रेसमध्ये, म्हणजे सिस्टीम चालताना घडलेल्या घटनांच्या नोंदीत, मधलाच तुकडा गायब दिसला की ठरलेलं वाक्य येतं: "बफर भरला असेल, साइझ वाढव." (बफर म्हणजे या नोंदी साठवायची ठराविक आकाराची मेमरी; तीच गोल फिरवून वापरली की रिंग बफर.) महापे-रबाळे पट्ट्यात बोर्ड आणि कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर) काम करणाऱ्या टीममध्ये हे मी सारखं ऐकतो. साइझ वाढवून कधी काम भागतं, कधी नुसती मेमरी खर्ची पडते. कारण "बफर भरला" म्हटल्यावर पुढे काय झालं असेल, याच्या दोन शक्यता असतात. एकीत लिहिणारा बफरच्या टोकाला पोचला, वळसा घेऊन पुन्हा सुरुवातीला आला आणि जुन्या नोंदींवर नव्या लिहू लागला. दुसरीत जागा नाही म्हणून नवी नोंद दारातच अडवली गेली, म्हणजे ड्रॉप झाली. डेटा दोन्हीकडे गेला, पण पहिल्यात जुना गेला, दुसऱ्यात नवा. तुम्ही जे शोधताय ते ट्रेसमध्ये सापडेल की नाही, हे यावरच ठरतं.

ऐरोलीतल्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवरचा डीव्हीआर बघा. डिस्क भरली की तो सगळ्यात जुनं फुटेज पुसून पुढे लिहीत राहतो. तीन महिन्यांपूर्वी पार्किंगमध्ये गाडी कोणी घासली ते आता मिळणार नाही, पण काल रात्रीचं सगळं सलग मिळेल. हाच डीव्हीआर "डिस्क भरली की थांब" अशा सेटिंगवर असेल, तर तीन महिन्यांपूर्वीचं सगळं शाबूत, आणि कालच्या चोरीचं काहीच नाही.

लिनक्सच्या एफट्रेस या ट्रेसिंग टूलमध्ये ही निवड उघड असते. ओव्हरराइट नावाचा ऑप्शन मुळात चालू असतो, म्हणजे वळसा घेत जुनं पुसत जायचं. तो बंद केला की नवं ड्रॉप होतं. प्रत्येक सीपीयूच्या फोल्डरमध्ये स्टॅट्स नावाची फाइल असते, तिच्यात "ओव्हररन" आणि "ड्रॉप्ड इव्हेंट्स" अशा दोन वेगळ्या ओळी असतात. ओव्हररनचा आकडा मोठा म्हणजे जुनं गेलं, ड्रॉप्डचा मोठा म्हणजे नवं आत आलंच नाही. तक्रार करण्याआधी ही फाइल उघडून बघितली तर निम्मी चर्चा तिथेच संपते.

पर्फ या लिनक्सच्याच प्रोफाइलिंग टूलमध्ये (कोणता कोड किती वेळ खातो ते मोजणाऱ्या) मात्र ही निवड उघड दिसत नाही. बफर मेमरीत मॅप करताना वाचणाऱ्याने लिहायची परवानगीही घेतली, तर "मी इथपर्यंत वाचलं" हे तो टेल नावाच्या खुणेत लिहून कर्नलला कळवतो, आणि न वाचलेल्या डेटावर कर्नल हात टाकत नाही. जागा संपली की नवी सॅम्पल्स (अधूनमधून घेतलेल्या नोंदी) टाकून देतो आणि नंतर "लॉस्ट" रेकॉर्ड लिहून किती गेली ते सांगतो. मॅपिंग फक्त वाचण्यापुरतं असेल तर टेलला काही अर्थ उरत नाही, कर्नल बिनधास्त ओव्हरराइट करतो. नेहमीच्या पर्फ रेकॉर्डमध्ये पहिला प्रकार चालतो. म्हणूनच पर्फ रिपोर्टमध्ये "इतके चंक लॉस्ट" अशी वॉर्निंग आली तर ती ड्रॉपची असते, वळशाची नाही.

प्रोफाइलिंग करणाऱ्याला खरा दगा ड्रॉप देतो. वळसा तुम्हाला छोटी पण सलग खिडकी देतो: शेवटचे काही सेकंद, पूर्ण. ड्रॉप लांब खिडकी देतो, पण तिला भोकं असतात, आणि ती भोकं कुठेही पडत नाहीत. सिस्टीमवर सगळ्यात जास्त ताण असतो, वाचणाऱ्या प्रोसेसला सीपीयू मिळत नाही, नेमकी तेव्हाच पडतात. आमच्याकडे एका सहकारी मुलीने नेटवर्क बोर्डाचा प्रोफाइल दाखवला. त्यात पॅकेट घेणारं फंक्शन अगदी किरकोळ दिसत होतं, आणि ती ते सोडून दुसरीकडे ऑप्टिमाइझ करायला निघाली होती. लॉस्ट रेकॉर्ड वेळेनुसार मांडले तेव्हा सगळे ट्रॅफिकच्या उसळीवरच बसलेले निघाले. जे फंक्शन सगळ्यात जास्त चालत होतं, त्याचीच सॅम्पल्स सगळ्यात जास्त गेली होती. टक्केवारी काढायची असेल तर लॉस्टचा एकूण आकडा लहान आहे एवढ्यावर समाधान मानू नका, ते कधी गेले ते बघा.

साइझ वाढवण्याचा उपाय इथे अर्धाच लागू पडतो. उसळी थोडा वेळ टिकणारी असेल तर मोठा बफर ती पचवतो. लिहिण्याचा वेग वाचण्याच्या वेगापेक्षा कायमच जास्त असेल, तर कितीही मोठा बफर भरणारच, फक्त थोडा उशिरा. तेव्हा सॅम्पलिंगचा रेट कमी करणं किंवा इव्हेंट गाळणं हाच मार्ग.

आता वळशाकडे. वळसा झाला का आणि किती, हे कळायला हेड (पुढचं कुठे लिहायचं याची खूण) कोणत्या रूपात ठेवलाय यावर सगळं अवलंबून असतं. ४०९६ बाइटचा बफर घ्या. मघाशी हेड ३९०० वर होता, आता ३०० वर दिसतोय. मध्ये किती लिहिलं गेलं? ४९६ बाइट असतील, किंवा पूर्ण एक फेरी जास्त म्हणजे ४५९२, किंवा आणखी एक फेरी. नुसत्या जागेवरून उत्तर मिळत नाही. तेच हेड सतत वाढणारी मोजणी असेल, आधी ३९०० आणि आता ८४९२, तर वजाबाकी ४५९२ येते. ती बफरपेक्षा मोठी आहे, म्हणजे वळसा तुमच्या वाचण्याच्या पुढे निघून गेला. शाबूत असलेला सगळ्यात जुना बाइट ८४९२ वजा ४०९६, म्हणजे ४३९६ वा. ३९०० पासून ४३९५ पर्यंतचे ४९६ बाइट कायमचे गेले. बफरमधली प्रत्यक्ष जागा हवी तेव्हाच ४०९६ ने भागून बाकी घ्यायची, तीही ३०० च येते. साइझ दोनच्या घातात असेल तर हे काम एका मास्कने (खालचे बिट तेवढे ठेवून) होतं. पर्फचा डेटा हेड असाच सतत वाढतो, आणि स्वतःचं टूल लिहिणाऱ्या प्रत्येकाने हेच करावं असं माझं ठाम मत आहे. हेड आणि टेल एकाच जागी आले तर बफर रिकामा की भरलेला, हा जुना घोळही मोजणी ठेवली की आपोआप मिटतो.

इंटेल पीटी म्हणजे प्रोसेसर ट्रेस, कोड कुठून कुठे गेला ते हार्डवेअरमध्येच नोंदवणारी सोय. तिच्या स्नॅपशॉट मोडमध्ये (जुन्यावर लिहीत राहून, मागितल्यावर शेवटचा तुकडा उचलायचा) ही चैन मिळत नाही. तिथे हेड म्हणजे बफरमधली जागाच. म्हणून पर्फच्या कोडला वेगळी शोधाशोध करावी लागते: बफरच्या शेवटच्या भागात शून्याव्यतिरिक्त काही सापडलं तर पहिला वळसा होऊन गेला असं धरायचं. आर्मच्या कोअरसाइट या तशाच सोयीत हार्डवेअर थोडी मदत करतं. लिहिण्याचा पॉइंटर गोल फिरला की स्टेटस रजिस्टरमधला फुल बिट लागतो. किती फेऱ्या झाल्या ते तो सांगत नाही, एक तरी झाली एवढंच सांगतो.

याच ठिकाणी वळसा आणि ड्रॉप यांची सगळ्यात जास्त गल्लत होते, कारण पर्फमध्ये "ट्रंकेटेड" हा फ्लॅग दोघांसाठी एकच आहे. इंटेल पीटीचा पूर्ण ट्रेस चालू असताना बफर भरला की हार्डवेअर स्टॉप बिटपाशी ("इथे थांब" अशा खुणेपाशी) थांबतं, पुढचं लिहिलंच जात नाही, आणि फ्लॅग लागतो. कोअरसाइटच्या ईटीआरमध्ये (ट्रेस मेमरीत लिहिणाऱ्या भागात) हार्डवेअर थांबत नाही, गोल फिरतं, जुनं पुसलं जातं, आणि तरी तोच फ्लॅग लागतो. एकीकडे ट्रेसची शेपटी गेली, दुसरीकडे डोकं. दोन्ही प्लॅटफॉर्मवर एकच स्क्रिप्ट चालवून "ट्रंकेटेड इतक्या वेळा" असा तक्ता करणाऱ्यांनी तो तक्ता फाडून टाकावा. कोअरसाइटच्या स्नॅपशॉट मोडमध्ये तर हा फ्लॅग मुद्दामच लावत नाहीत, कारण तिथे जुनं पुसलं जाणं अपेक्षितच असतं.

वळशानंतर डिकोडरची (ट्रेसचे बाइट उलगडून वाचणाऱ्या प्रोग्रामची) आणखी एक अडचण असते. शाबूत असलेला सगळ्यात जुना बाइट बहुतेक वेळा एखाद्या ट्रेस पॅकेटच्या, म्हणजे एका नोंदीच्या, मधोमध पडतो. तिथून वाचायला सुरुवात केली तर कचरा हाती येतो. पीटीमध्ये यासाठी ठराविक अंतराने पीएसबी हे १६ बाइटचं पॅकेट येतं. डिकोडर ते सापडेपर्यंत पुढे सरकतो आणि तिथून खरा ट्रेस सुरू होतो. म्हणजे स्नॅपशॉट जेवढा मोठा दिसतो तेवढा वापरता येत नाही, पहिल्या पीएसबीच्या आधीचा भाग सोडावाच लागतो. बफर लहान ठेवायचा असेल तर पीएसबीचं अंतर कमी करा, नाहीतर हातात फारच थोडं उरतं. कोअरसाइटचा ड्रायव्हर वळसा झालेल्या बफरच्या सुरुवातीला स्वतःहून बॅरियर पॅकेट टाकतो, म्हणजे डिकोडर आधीच्या डेटाशी धागा जुळवायला जात नाही.

आणि स्नॅपशॉट मोड घेतला म्हणून ड्रॉप टळला असं समजू नका. कोअर इतक्या वेगाने पॅकेट बनवतो की कधी मेमरीपर्यंत पोचण्याआधी, हार्डवेअरच्या आतल्या छोट्या बफरमध्येच जागा संपते. पीटी तेव्हा ओव्हीएफ (ओव्हरफ्लो) पॅकेट टाकतो. तो ड्रॉपच आहे, वळशाच्या खिडकीच्या आत पडलेला. मेमरीतला बफर कितीही वाढवा, त्याने हा कमी होणार नाही. ट्रेस फिल्टर लावून फक्त हव्या त्या ॲड्रेस रेंजचा माग काढला तर फरक पडतो.

राहता राहिला एकाहून जास्त सीपीयूंचा प्रश्न. बफर प्रत्येक सीपीयूचा वेगळा, आणि गजबजलेला सीपीयू लवकर वळसा घेतो. सीपीयू ० वर शेवटचे चाळीस मिलिसेकंद उरलेले असतात आणि निवांत सीपीयू ३ वर शेवटचे चार सेकंद. एकत्र लावलेल्या आउटपुटमध्ये सुरुवातीला फक्त सीपीयू ३ दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं बाकीचे रिकामे बसले होते. एफट्रेस अशा जागी "सीपीयू ० बफर स्टार्टेड" अशी ओळ छापतो. ती नजरेआड करू नका. स्टॅट्स फाइलमध्ये सगळ्यात जुन्या इव्हेंटची वेळही असते. सगळ्या सीपीयूंच्या या वेळांमधली सगळ्यात अलीकडची वेळ घ्या आणि तिच्या आधीचं सगळं कापून टाका. त्यानंतर जे उरतं त्यातच सीपीयूंची एकमेकांशी तुलना करता येते.