फोटोफेरेसिस: रक्तावर प्रकाश टाकण्याची कल्पना आली कुठून?

त्वचेचा टी-पेशी लिम्फोमा हा कर्करोग दिसतो कातडीवर, पण मूळ आजार रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा (टी-पेशी हा त्यांचाच एक प्रकार). 1806 मध्ये पॅरिसच्या अलिबेर यांनी अंगभर अळंब्यांसारख्या गाठी आलेल्या रुग्णाची नोंद केली. 1938 मध्ये तिथल्याच आल्बेर सेझारी यांना काही रुग्ण असे आढळले, की सर्वांग लालबुंद, खाज असह्य आणि रक्तातही विचित्र केंद्रकाच्या मोठ्या पेशी. आज ज्याला सेझारी सिंड्रोम म्हणतात तो हाच. फोटोफेरेसिसचा, म्हणजे पांढऱ्या पेशी शरीराबाहेर काढून, औषध आणि प्रकाश देऊन परत सोडण्याच्या उपचाराचा, जन्म झाला तो मुख्यतः अशा रुग्णांसाठी.

त्यातल्या सोरालेन या औषधाची कुळकथा मात्र यापेक्षा फार जुनी. कोडाच्या डागांवर बावची लावून उन्हात बसायचं, हे आपल्याकडे आयुर्वेदाला ठाऊक होतं. नाईलच्या खोऱ्यातही एका रानवनस्पतीच्या बिया याच कामी येत. 1940च्या दशकात कैरोत त्या बियांमधून सोरालेन गटातली द्रव्यं वेगळी काढली गेली आणि तिथले डॉक्टर एल मोफ्ती यांनी ती कोडाच्या रुग्णांना दिली. सोरालेनची गंमत अशी, की अंधारात ते जवळपास निरुपद्रवी असतं. अतिनील 'ए' किरण पडले की मात्र ते डीएनएच्या दोन धाग्यांना टाके घातल्यासारखं जखडून टाकतं आणि पेशी मरणपंथाला लागते. 1974 मध्ये बोस्टनच्या गटाने (त्यात भारतात जन्मलेले मधू पाठकही होते) सोरालेनची गोळी आणि हे किरण सोरायसिसवर वापरले. दोनच वर्षांत तीच जोडी त्वचेच्या लिम्फोमावरही वापरली गेली.

अडचण एवढीच, की हे किरण त्वचेच्या वरच्या थरांपलीकडे फारसे जात नाहीत. रक्तातल्या पेशींचं काय? अमेरिकेतले रिचर्ड एडेलसन 1974च्या सुमारास सेझारी सिंड्रोमच्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशी यंत्राने काढून टाकत होते. पुढे त्यांनी पेशी काढणं आणि सोरालेन-प्रकाशाची जोडी या दोन्ही कल्पना एकत्र आणल्या. पेशी फेकायच्या नाहीत, बाहेर काढून प्रकाशात धरायच्या आणि परत द्यायच्या.

सुरुवातीच्या पद्धतीत रुग्ण आधी सोरालेनची गोळी घेई. मग शिरेतून रक्त यंत्रात येई, गरगर फिरून त्याचे थर वेगळे होत. लाल पेशी लगेच परत जात. पांढऱ्या पेशींचा गढूळ द्रव पारदर्शक कप्प्यातून पातळ पडद्यासारखा वाहताना त्यावर अतिनील दिवे लागलेले असत. लागोपाठ दोन दिवस, साधारण महिन्यातून एकदा. गोळीने मळमळ होई, म्हणून नंतर औषध थेट त्या द्रवातच मिसळू लागले.

1987 मध्ये एडेलसन आणि सहकाऱ्यांनी इतर उपचारांना दाद न दिलेल्या 37 रुग्णांचे निष्कर्ष छापले. 27 जणांना गुण आला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली.

माझ्या मते या इतिहासातला खरा पेच इथून सुरू होतो. एका फेरीत शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींचा (पांढऱ्या पेशींचा हा गट, टी-पेशी त्यातल्याच) अगदी लहानसा भाग प्रकाशाखाली येतो. तेवढ्याच पेशी मरत असतील तर आजार ओसरायला नको. शिवाय गुण दिसायला कित्येक महिने लागतात. म्हणजे 'रोगट पेशी मारा' हा मूळ हिशेब अपुरा होता. मरू घातलेल्या त्या पेशी शरीरात परतल्यावर प्रतिकारशक्तीला रोगाची ओळख पटवतात, यंत्रातून जाताना जाग्या झालेल्या मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी त्यात मध्यस्थी करतात, असं आता मानलं जातं. पण हाच उपचार अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर रुग्णावर उलटलेल्या दात्याच्या पेशींना आवरायलाही वापरतात, आणि तिथे त्याचं काम प्रतिकारशक्तीला शांत करण्याचं असतं. एकच प्रक्रिया एकीकडे चेतवते, दुसरीकडे थोपवते. या दोन्हींची सांगड अजून पूर्णपणे बसलेली नाही.