दुःख कुठवर, आजार कुठून?

अपसामान्य वर्तनाच्या चार कसोट्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठच असतात: रूढ वागण्यापासून विचलन, मनस्ताप, रोजच्या कामकाजात बिघाड आणि स्वतःला किंवा इतरांना धोका. पण या चौघींचे वजन सारखे नाही. विचलनाची कसोटी सर्वांत जुनी, आणि सर्वांत जास्त नुकसान तिनेच केले. चारचौघांसारखा वागत नाही तो वेडा, या न्यायाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे कोंडली गेली.

तिला खरा धक्का बसला १९७३ मध्ये. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली. विरोधकांनी सभासदांचे मतदान घ्यायला लावले. १९७४ मध्ये सुमारे ५८ टक्के मतांनी निर्णय टिकला. आजार मतदानाने ठरतो का, ही टीका आजही होते. मुळातला युक्तिवाद मात्र मतांचा नव्हता. ज्या अवस्थेत मुळात मनस्ताप नाही आणि कामकाजही सर्वसाधारणपणे बिघडत नाही, तिला विकार का म्हणायचे, एवढाच तो प्रश्न होता.

त्याच सुमारास दुसरी अडचण चव्हाट्यावर आली होती. रुग्णांच्या त्याच त्या मुलाखतींचे चित्रीकरण पाहून अमेरिकी डॉक्टर स्किझोफ्रेनियाचे निदान ब्रिटिश डॉक्टरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा करत. म्हणून त्या संघटनेच्या १९८० च्या निदानपुस्तिकेत विकारांची ढोबळ वर्णने जाऊन लक्षणांचे निकष आणि कालावधी आले. आजचा नैराश्याचा निकष त्याच घडणीतला: नऊपैकी किमान पाच लक्षणे, दोन आठवडे, जवळपास रोज, आणि त्यांत उदास मनःस्थिती किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक हवेच. आयुष्यात काय घडल्याने हे झाले, हे निकष विचारत नाहीत. फक्त एक अपवाद ठेवला होता: जवळच्या माणसाचा मृत्यू.

१९९४ च्या आवृत्तीत हा अपवाद दोन महिन्यांचा होता. तेवढ्या काळात झोप उडाली, भूक मेली, रडू आवरेना, तरी तो शोक मानायचा. या अपवादावरून पुढे झालेल्या वादात हमखास विसरले जाते ते असे की, हा अपवाद सरसकट नव्हताच. आत्महत्येचे विचार, आपण कवडीमोल आहोत हा ध्यास, भ्रम किंवा कामकाज पार कोलमडणे असे काही असेल तर आधीही निदान करता येत होते.

२०१३ मध्ये हा अपवाद काढून टाकला. काढणाऱ्यांचा मुद्दा बिनतोड होता: घटस्फोट किंवा नोकरी जाणे यांना सूट नाही, मग मृत्यूलाच का? शिवाय शोकाच्या आड खरे नैराश्य उपचाराविना राहते, आणि ते जिवावर बेतू शकते. तरीही माझ्या मते तर्क जुळवताना दिशा चुकली. एका नुकसानाला असलेली सूट इतरांनाही देता आली असती. त्याऐवजी ती सगळ्यांचीच गेली. त्या जागी एक टीप आली, आणि ती मात्र मोलाची आहे. शोक लाटांसारखा येतो, आठवणीने उसळतो, मध्येच गेलेल्या माणसाची गंमत सांगताना हसूही फुटते. नैराश्यात ती उसंत मिळत नाही, आणि माणूस स्वतःलाच नालायक ठरवतो. पण टीप म्हणजे निकष नव्हे. घाईच्या तपासणीत आधी निकषच मोजले जातात.

पुढे २०२२ मध्ये त्याच पुस्तिकेत दीर्घकालीन शोकविकार दाखल झाला. प्रौढांसाठी किमान बारा महिने, मुलांसाठी सहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात मात्र मर्यादा सहा महिन्यांचीच. त्यामुळे आठव्या महिन्यातली विधवा एका पुस्तकानुसार आजारी ठरू शकते, दुसऱ्यानुसार नाही.

भय, चिंता या नेहमी आढळणाऱ्या विकारांतही मुदती आहेतच. सर्वसाधारण चिंताविकाराला सहा महिने लागतात. पण नैराश्याइतका वाद तिथे झाला नाही. नैराश्याची प्रचलित प्रश्नावली नऊ प्रश्नांची, गेल्या दोन आठवड्यांपुरती, २७ गुणांची; १० किंवा त्याहून जास्त गुण झाले की पुढची तपासणी सुचवली जाते. घरात कुणी गेले का, हा प्रश्न त्या नऊंत नाही. तो समोर बसलेल्या डॉक्टरने विचारायचा असतो, आणि गुण मांडण्याआधी विचारायचा असतो.