कुशिंग की कॉन? म्हाताऱ्या मांजराच्या अ‍ॅड्रिनलचा घोळ

सोनोग्राफीत किडनीजवळच्या अ‍ॅड्रिनल या हार्मोन सोडणाऱ्या ग्रंथीत गाठ दिसली की घरचे लगेच विचारतात, काढायची का? पण ती गाठ कोणतं हार्मोन सोडतेय हे सोनोग्राफी सांगत नाही. कॉर्टिसोल जास्त झालं तर कुशिंग, अल्डोस्टेरॉन जास्त झालं तर कॉन. दोन्हींत मांजर म्हातारं आणि मरगळलेलं.

म्हणून आधी मान आणि कातडी बघा. कॉनमध्ये लघवीतून पोटॅशियम जातं. ते रक्तात ३ mmol/L च्या खाली घसरलं की हनुवटी छातीशी टेकते, मान वर उचलत नाही, उडी चुकते. कुशिंगमध्ये पोट सुटतं, केस विरळ होतात आणि कातडी इतकी पातळ होते की मानगूट धरून उचललं तरी टरकते. अशा मांजराला टॉवेलात धरा, सलाइनची टेप ओढून काढू नका. शिवाय कुशिंगच्या बहुतेक मांजरांना मधुमेह असतो आणि इन्सुलिन वाढवूनही साखर उतरत नाही.

कॉन बहुतेकदा ‘किडनी’ म्हणून खपतो. पोटॅशियम कमी, बीपी जास्त, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा रक्तातला आकडा) जरा वर: शिक्का बसलाच. कधी बुबुळं विस्फारून मांजर एका रात्रीत आंधळं होतं, तेव्हा कुठे बीपी मोजलं जातं. तेही नीट मोजायला हवं. नाशिकच्या सिडकोतून रिक्षाने द्वारका चौकातले हॉर्न ऐकत आलेल्या मांजराला बीपीचा पट्टा लगेच बांधला तर आकडा फसवतो. दहा मिनिटं शांत खोलीत बसू द्या, पहिलं माप सोडा, पुढच्या पाच-सहांची सरासरी घ्या. १८० च्या वर राहिलं आणि गोळ्या देऊनही पोटॅशियम टिकत नसेल, तर अल्डोस्टेरॉन तपासा. पोटॅशियम कमी असताना ते खाली यायला हवं, त्यामुळे रिपोर्टात ‘नॉर्मल’ची वरची कड दिसली तरी संशय धरा.

कुशिंगसाठी डेक्सामेथासोन चाचणी: हे स्टेरॉइड टोचून कॉर्टिसोल दबतं का ते बघायचं. मांजराला किलोमागे ०.१ मिग्रॅ, म्हणजे कुत्र्याच्या दहापट. कुत्र्याचा डोस दिला तर निकाल चुकतो. रक्त सुरुवातीला, ४ तासांनी आणि ८ तासांनी, तेव्हा सकाळीच या. खाजेसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली असतील तर आधी सांगा, तीही कुशिंगसारखंच रूप आणतात.

कॉनमध्ये गाठ एकाच बाजूला असेल आणि पसरलेली नसेल तर शस्त्रक्रियेने बरं होऊ शकतं. नाहीतर पोटॅशियम, अल्डोस्टेरॉनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन आणि बीपी उतरवणारं अ‍ॅम्लोडिपिन. अ‍ॅम्लोडिपिनची माणसांची २.५ मिग्रॅची गोळी आणली तर चतकोर म्हणजे ०.६२५ मिग्रॅ, सुरुवातीचा नेहमीचा डोस. पाचची आणू नका, आठ तुकडे करताना तिचा चुरा होतो. कुशिंगचं मूळ बहुधा मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत, दोन्ही अ‍ॅड्रिनल फुगतात, त्यामुळे तिथे सहसा कॉर्टिसोल कमी करणारं ट्रायलोस्टेन, जेवणाबरोबरच. ते लागू पडलं की इन्सुलिनची गरज घटते. जुनाच डोस चालू ठेवला तर साखर एकदम पडते, मांजर झिंगल्यासारखं चालतं. हिरड्यांना मध चोळा आणि तसंच दवाखाना गाठा.