ऊर्जा कमी, तरी ताकद जास्त: टर्बो इंजिनातलं इथेनॉल

२०२५मध्ये ई२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) मिसळलेलं पेट्रोल, देशभरच्या पंपांवर रुळलं आणि गाडीवाल्यांमध्ये वाद पेटला. मायलेज घटतं ही तक्रार खरी आहे. लिटरला लिटर तोललं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते. पण त्यावरून 'इथेनॉल म्हणजे कमकुवत इंधन, गाडीला दमच राहत नाही' असा जो निष्कर्ष सर्रास काढला जातो, तो साफ चुकीचा आहे. स्वीडनच्या कोनिगसेग कंपनीची येस्को ही गाडी बघा. पाच लिटरचं इंजिन, आठ सिलिंडर, दोन टर्बो. साध्या पेट्रोलवर १२८० अश्वशक्ती, आणि त्याच इंजिनात ई८५ (नावाप्रमाणे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल) घातलं की १६००!

मायलेज आणि ताकद हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मायलेज ठरतं टाकीतल्या ऊर्जेवर. ताकद ठरते इंजिन किती हवा ओढू शकतं यावर, कारण इंधन कितीही फवारता येतं, ते जाळायला ऑक्सिजन लागतो. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला ९ किलो पुरते. म्हणजे एक किलो हवेत पेट्रोल जळेल ६८ ग्रॅम, इथेनॉल १११ ग्रॅम. दोन्हींतून निघणारी उष्णता मोजली तर जवळपास सारखी येते, सुमारे ३ मेगाज्यूल. इथवर सामना बरोबरीत आहे.

टर्बो सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. मग हा जादा दाब, म्हणजे बूस्ट, वाढवतच का नेत नाहीत? कारण मध्ये नॉकिंग येतं, आणि माझ्या मते इंजिनशास्त्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथेच आहे.

प्लगची ठिणगी पडली की ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. तिच्या पुढे कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि ज्योत पोचायच्या आत स्वतःहून पेटू शकतं. हा स्फोट इतका झटपट होतो की दाबाच्या लाटा भिंतींवर आपटत राहतात. साधारण गाडीच्या सिलिंडरमध्ये सेकंदाला सहा-सात हजार वेळा. बाहेर ऐकू येतो तो खडखडाट हाच. जोरदार नॉकिंग थोडा वेळ जरी चाललं तरी पिस्टनचे काठ फुटतात.

पेट्रोलमधल्या सरळ लांब साखळ्यांचे रेणू या बाबतीत फार कच्चे. तापल्यावर त्यांचे मूलक (रेणूचे अर्धवट, चटकन जोडले जाणारे तुकडे) ऑक्सिजन पकडतात, आतल्या आत हायड्रोजनची अदलाबदल होते, पुन्हा ऑक्सिजन पकडला जातो, आणि शेवटी एका रेणूतून दोन हायड्रॉक्सिल मूलक सुटतात. ते आणखी रेणू फोडतात. या अभिक्रियांच्या साखळीला फांद्या फुटत जातात. इथेनॉलचा मूलक मात्र ऑक्सिजन भेटताच बहुतेक वेळा अ‍ॅसिटाल्डिहाइड होऊन मोकळा होतो आणि मागे सोडतो एक आळशी हायड्रोपेरॉक्सिल. फांदी फुटतच नाही. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा (नॉकिंगला इंधन किती दाद देत नाही याचं माप) १०८च्या आसपास येतो तो या रसायनामुळे.

त्यात भर पडते गारव्याची. सॅनिटायझर हातावर घेतलं की तळवा गार पडतो, तसंच सिलिंडरमध्ये घडतं. एक किलो इथेनॉलची वाफ व्हायला सुमारे ८४० किलोज्यूल उष्णता लागते, पेट्रोलला ३५०. शिवाय तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त फवारावं लागतं. दोन्ही मिळून हिशेब चौपटीच्या घरात जातो. सगळी उष्णता हवेतूनच घेतली असं धरलं, तर पेट्रोल हवेला २४ अंशांनी गार करेल आणि इथेनॉल नव्वदेक अंशांनी. प्रत्यक्षात धातूच्या भिंतीही उष्णता पुरवतात, म्हणून फरक कमी पडतो. तरी टर्बोने तापवलेल्या हवेला हा गारवा फार मोलाचा.

याचा फायदा टायमिंगमध्ये, म्हणजे ठिणगी पाडायच्या वेळेत दिसतो. नॉकिंगच्या भीतीने ठिणगी उशिरा पाडली की कमाल दाब यायच्या वेळी पिस्टन बराच खाली गेलेला असतो आणि उष्णता सायलेन्सरमधून वाया जाते. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर इंजिनाच्या फेरीचा एक अंश म्हणजे सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग! ई८५वर ट्यूनर, म्हणजे इंजिनाच्या सेटिंग बदलणारा कारागीर, ठिणगी काही अंश अलीकडे आणतो आणि बूस्टही वाढवतो.

पण नुसतं ई८५ भरून भागत नाही. घनफळाने सुमारे ४० टक्के जादा इंधन लागतं, म्हणून मोठे इंजेक्टर आणि दमदार पंप हवा, नाहीतर मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडून पिस्टन वितळायची वेळ येते. अमेरिकेत ई८५ नावाने मिळणाऱ्या इंधनात इथेनॉल ५१ ते ८३ टक्के असं कितीही असू शकतं. थंडीत ते कमी ठेवतात, कारण गारठ्यात इथेनॉलची पुरेशी वाफ होत नाही आणि गाडी सुरू होत नाही. म्हणून तिथले जाणकार इंधनाच्या नळीत सेन्सर बसवतात. विद्युतक्षेत्राला इथेनॉल पेट्रोलच्या दहापटीहून जास्त प्रतिसाद देतं. त्यावरून सेन्सर प्रमाण ओळखतो आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) त्या प्रमाणात इंधन, टायमिंग, बूस्ट बदलतो.

आपल्या ई२०मध्ये हीच गोष्ट छोट्या प्रमाणात आहे. त्याचा ऑक्टेन किमान ९५ ठेवला आहे. पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल 'काढून टाकायचे' उपाय फिरतात, ते मात्र कृपा करून करू नका. उघड्यावर पेट्रोल हाताळणं हाच आगीशी खेळ, आणि इथेनॉल गेलं की ऑक्टेन घसरतो. उरलेलं पेट्रोल एक लिटर इंजिनाच्या टर्बो गाडीत घातलं तर नॉक सेन्सर ठिणगी मागे ढकलत राहील. जी ताकद वाचवायला निघालो तीच जाईल.

उलट, रीमॅप केलेल्या गाडीचा मॅप (ईसीयूमधला इंधन-टायमिंगचा बदललेला तक्ता) ई२०वर बेतलाय का, हे ट्यूनरला जरूर विचारा. टाकी भरल्यावर चढावर, भर उन्हात ईसीयू टायमिंग किती मागे घेतंय ते स्कॅनरवर दिसतं, आणि तो आकडा जाहिरातीतल्या अश्वशक्तीपेक्षा जास्त खरं सांगतो.