मामीचा मोबाईल आणि सपरीतला कूलर

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या मामाच्या गावी गेलं की दुपार सपरीतच, म्हणजे घरापुढच्या पडवीतच जाते. यंदा मामी चार्जिंगला लावलेल्या मोबाईलवर बोलत होती. एकदम हात झटकून म्हणाली, “पाय बरं, हा मोबाईल करंट मारून रायला!” मी अनवाणीच होतो. मोबाईलच्या कडेच्या धातूच्या पट्टीवरून बोट अलगद फिरवलं, तर गुळगुळीत पट्टी खरखरीत, थरथरती लागली. मामा मात्र लाकडी खाटेवर मांडी घालून बसले होते. त्यांनी तोच मोबाईल हातात घेतला, त्यांना काहीच जाणवेना. मामीचे पाय शेणानं सारवलेल्या ओलसर जमिनीवर होते, मामांचे नव्हते.

चार्जर घरातली 230 व्होल्टची एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी करतो. मग ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे पाठवतो. घरची तार आणि मोबाईलची तार आत थेट जोडलेली नसते. पण या वेगवान उघडझापीतून विद्युत गोंगाट तयार होतो, रेडिओत खरखर आणणारा. तो आतल्या आत परतवायला दोन्ही बाजूंमध्ये एक छोटा कपॅसिटर बसवतात (वीज जितकी वेगानं मागेपुढे होते तितकी तिला सहज जाऊ देणारा भाग), त्याला वाय-कपॅसिटर म्हणतात. गोंगाट त्यातून सहज जातो. 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 वेळाच मागेपुढे होणारी घरची वीज मात्र जेमतेम झिरपते. कपॅसिटर 2200 पिकोफॅरडचा धरला तर तिला सुमारे साडेचौदा लाख ओहमचा अडथळा होतो. पुरते 230 व्होल्ट त्यावर आले तरी प्रवाह 0.16 मिलिअँपिअरच. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं, म्हणून ही झिरपलेली वीज मामीच्या हातातून, पायातून जमिनीत वाट काढते.

एवढ्याशा विजेनं इजा होत नाही. धरलेली वस्तू हातातून सोडवेनाशी होते ती साधारण 10 मिलिअँपिअरच्या पुढे. खरं तर धातू घट्ट धरला असेल तर अर्ध्या मिलिअँपिअरखालचा प्रवाह बहुतेकांना कळतही नाही. मग बोट फिरवताना का कळतो? बोटाच्या कातडीचा वरचा कोरडा थर विजेला अडवतो. धातू आणि त्या थराखालची ओलसर त्वचा एकमेकांना ओढतात आणि सोडतात, सेकंदाला शंभराच्या घरात. त्यामुळे सरकतं बोट थरथरतं. 1953 साली अमेरिकेत एडवर्ड मॅलिनक्रॉट यांच्या हे लक्षात आलं होतं. दिवा चालू असताना त्याचं पितळी होल्डर त्यांच्या बोटाला कमी गुळगुळीत लागलं. मनगटाच्या किंवा कोपराच्या आतल्या बाजूला टोचतं त्याचं कारण वेगळं: तिथली कातडी पातळ, आणि सगळा प्रवाह एका ठिपक्यातून शिरतो.

हे सगळं चांगल्या चार्जरचं. बाजारातल्या स्वस्त नकली चार्जरमध्ये वाय-कपॅसिटरच्या जागी साधा कपॅसिटर असू शकतो. तो आतून शॉर्ट झाला तर सगळे 230 व्होल्ट हातात. चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नंबर बघून घ्या. झिणझिणीचा कधी झटका झाला, तर तो चार्जर पुन्हा लावू नका.

मी हे सांगत होतो तेव्हा मामा सहज म्हणाले, “आपला कूलरही मारते थोडासा. मी चप्पल घालूनच पानी टाकतो.” माझ्या पोटात गोळा आला. लोखंडी कूलरच्या झिणझिणीमागे प्रवाह अडवणारा कपॅसिटर नसतो. तिथे पंपाची वायर तडकलेली असते किंवा मोटारीचं इन्सुलेशन गेलेलं असतं. आज मुंग्या येतात, उद्या तीच वायर पत्र्याला पुरती टेकते, आणि भरणाऱ्याचे हात-पाय तेव्हा ओलेच असतात. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात. टेस्टरवर विसंबू नका. त्याचा दिवा मोबाईलच्या पट्टीवरही पेटतो आणि जीवघेण्या कूलरवरही. कूलर पत्र्याचा असेल आणि किंचितही मारत असेल तर आधी प्लग काढायचा, मग वायरमनला बोलवायचं. पाणी एरवीही प्लग काढूनच भरायचं.

वायरमननं पंपाची चिरलेली वायर बदलली, मग बोर्ड उघडला. थ्री-पिनच्या वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकाला मागे तारच नव्हती. पत्र्यावर उतरलेली वीज जमिनीत जायला वाटच नव्हती. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे: उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, कोरडी पडते, आणि सुकलेली माती वीज नीट वाहू देत नाही. म्हणजे कूलर चालायच्या दिवसांतच अर्थिंग कमजोर. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात, अधूनमधून बादलीभर पाणी ओततात. मामांनी खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ खणायला लावला, तिथली माती बारा महिने ओली असते. मीटरजवळ 30 मिलिअँपिअरच्या गळतीला लाइन तोडणारा स्विचही बसवला.

मामीचा मोबाईल अजूनही झिणझिणतो. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंगच्या त्या नव्या तारेचा काही उपयोग नाही. ती आता चार्जिंगला लावून बोलायचं असलं की खाटेवर पाय वर घेऊन बसते.