मिटलेला लॅपटॉप आणि बंद लॅपटॉप: स्लीप व हायबरनेट यांतला खरा फरक

‘रात्री लॅपटॉप बंद करून ठेवला होता, मग सकाळी बॅटरी संपलेली कशी?’ हा प्रश्न मला नात्यातली, शेजारची किंवा कार्यालयातली कोणी ना कोणी व्यक्ती सतत विचारत असते, आणि माझा उलटप्रश्न ठरलेला असतो: बंद केला म्हणजे नेमके काय केले? मराठीत ‘बंद करणे’ दारालाही चालते आणि दिव्यालाही. दार बंद केले की ते लागते, दिवा बंद केला की तो विझतो, आणि आपला कधी गोंधळ होत नाही, कारण दाराला वीज नसते आणि दिव्याला झाकण नसते. लॅपटॉपला मात्र दोन्ही आहेत. वास्तविक आपल्या भाषेत ‘मिटणे’ हे नेमके क्रियापद आहे. आपण छत्री मिटतो, पुस्तक मिटतो, डोळे मिटतो. झाकण खाली केलेल्या लॅपटॉपला ‘मिटलेला’ म्हणावे आणि वीज तोडलेल्याला ‘बंद’, एवढी शिस्त पाळली तरी मला येणारे निम्मे फोन कमी होतील, असे माझे ठाम मत आहे.

झाकण मिटल्यावर विंडोजचा लॅपटॉप सहसा ‘स्लीप’मध्ये जातो, आणि स्लीप सर्वांच्या परिचयाचे आहे: पडदा काळा होतो, झाकण उघडताच दोन-तीन क्षणांत सगळे जिथल्या तिथे सापडते. ‘हायबरनेट’मध्येही उघडलेल्या फाइली आणि अर्धवट लिहिलेले पत्र तसेच परत मिळते. वरवर पाहता फरक एवढाच दिसतो की हायबरनेटमधून उठायला एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असलेल्या यंत्राला दहा-वीस सेकंद आणि जुन्या हार्ड डिस्कच्या यंत्राला मिनिटभर किंवा अधिक वेळ लागतो. म्हणून लोक समजतात की हायबरनेट म्हणजे स्लीपचाच एक आळशी प्रकार. सगळ्या घोटाळ्याचे मूळ याच समजुतीत आहे.

फरक वेळेचा नाही. आपले काम कोठे ठेवले जाते, याचा आहे. चालू काम रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. रॅमची प्रत्येक पेशी म्हणजे विद्युतभार साठवणारे एक अतिसूक्ष्म पात्र असते आणि ते गळके असते. गळक्या रांजणात पाणी टिकवायचे तर सतत भर घालत राहावे लागते. त्याचप्रमाणे रॅममधली प्रत्येक पेशी साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. स्लीपमध्ये प्रोसेसर थांबतो, पडदा विझतो, डिस्क थांबते, पण ही भर घालण्याचे काम चालूच राहते आणि त्यासाठी बॅटरी खर्ची पडते. समजा हा खर्च अर्ध्या वॉटचा धरला, तर 50 वॉट-तासांची पूर्ण भरलेली बॅटरी 100 तासांत, म्हणजे जेमतेम चार दिवसांत रिकामी होते. ती रिकामी झाली की रांजणही रिकामा. जतन न केलेले पत्र त्याबरोबर गेले, आणि ते परत आणण्याचा कोणताही मार्ग कोणत्याही दुकानात मिळत नाही.

हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर आधी डिस्कवरच्या एका मोठ्या फाइलमध्ये उतरवून घेतला जातो आणि मग वीज खरोखरच तोडली जाते. डिस्कला आपला मजकूर सांभाळण्यासाठी विजेची गरज नसते. त्यामुळे हायबरनेट केलेल्या लॅपटॉपची बॅटरी पूर्णपणे बंद लॅपटॉपइतक्याच मंद गतीने उतरते, आणि पार उतरली तरी चार्जर लावून चालू करताच काम होते तसे उभे राहते. 1996 च्या डिसेंबरमध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून संगणकाच्या वीजवापराचे ‘एसीपीआय’ हे मानक प्रसिद्ध केले, त्यात रॅममध्ये काम ठेवणाऱ्या स्लीपला ‘एस 3’, हायबरनेटला ‘एस 4’ आणि पूर्ण बंद अवस्थेला ‘एस 5’ अशी नावे आहेत. क्रमच पाहावा: हायबरनेटचा शेजारी ‘बंद’ आहे.

नाव देणाऱ्यांनीही या गोंधळात भरच घातली आहे. हायबरनेशनला मराठीत शीतनिद्रा म्हणतात. पण शीतनिद्रेतल्या प्राण्याचे हृदय मंद का होईना, चालू असते आणि त्याची चरबी हळूहळू खर्च होत असते. हे वर्णन लॅपटॉपच्या स्लीपला तंतोतंत लागू पडते, हायबरनेटला मुळीच नाही. शिवाय आपल्या नागपुरात शीतनिद्रेची सर्वांत जास्त गरज नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ रणरणत्या दिवसांत पडावी, हा विनोद वेगळाच.

ही गरज विनोदापुरती नाही. वर वर्णन केलेले स्लीप हे जुन्या पद्धतीचे झाले. 2012 मध्ये विंडोज 8 बरोबर ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आणि 2015 मध्ये विंडोज 10 बरोबर ‘मॉडर्न स्टँडबाय’ आले, आणि गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळशा लॅपटॉपमध्ये ‘एस 3’ उरलेलेच नाही. नव्या पद्धतीत मिटलेला लॅपटॉप मोबाइलसारखा वागतो: तो तांत्रिक अर्थाने चालूच असतो, केवळ अत्यंत कमी विजेवर, आणि मधूनमधून जागा होऊन मेल आणणे, अपडेट उतरवणे अशी कामे उरकतो. ठरल्याप्रमाणे वागला तर यात वावगे काही नाही. मात्र एखादा सदोष ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) किंवा अडकलेले अपडेट त्याला पुन्हा झोपू देत नाही, तेव्हा तो मिटलेल्या अवस्थेत, बॅगेत, पूर्ण जोमाने चालत राहतो.

माझ्यावर हा प्रसंग मे महिन्यात नागपूरहून अमरावतीला जाताना आला. घरून निघताना लॅपटॉप मिटला, बॅगेत घातला आणि बॅग गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. कोंढाळीला चहासाठी थांबलो तेव्हा बॅगेला हात लावला, तर नुकत्याच उतरवलेल्या तव्याजवळ हात न्यावा तशी धग लागली. आत पंखा घोंघावत होता, बॅगेच्या कापडाने त्याची हवा कोंडलेली होती, आणि निघताना भरलेली बॅटरी निम्म्याच्या खाली आली होती. लॅपटॉप वाचला, परंतु त्या उन्हाळ्यानंतर त्याची बॅटरी पूर्वीसारखी कधीच टिकली नाही.

लिथियम-आयन बॅटरीचे सर्वांत मोठे वैर उष्णतेशी असते. तापमान वाढले की तिच्या आतल्या अनिष्ट रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि घटलेली क्षमता पुन्हा वाढत नाही. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर हे नुकसान आणखी लवकर होते. ॲपल आपल्या लॅपटॉपच्या वापरासाठी 10 ते 35 अंश सेल्सिअस इतके भोवतालचे तापमान सांगते. नागपुरात 35 अंश मार्चमध्येच होतात आणि मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. अशा हवेत बंद बॅगेत जागा असलेला लॅपटॉप ठेवणे म्हणजे भट्टीत शेगडी पेटवून ठेवणे होय. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हायबरनेट केलेला लॅपटॉपही ठेवू नयेच. पण निदान तो स्वतःची उष्णता त्यात मिसळत नाही.

आपला लॅपटॉप कोणत्या पद्धतीचा आहे हे पाहणे सोपे आहे. कमांड प्रॉम्प्ट (विंडोजला आज्ञा लिहून देण्याची खिडकी) उघडून ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहावी, एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरपी रेघ आणि ‘ए’ हे अक्षर लिहावे. उत्तरात उपलब्ध अवस्थांची यादी येते: तिच्यात ‘एस 3’ दिसले तर जुने शांत स्लीप आहे, ‘एस 0 लो पॉवर आयडल’ दिसले तर बॅगेच्या बाबतीत सावध राहावे.

आता माझ्या खास रागाचा विषय. नागपूरच्या सीताबर्डीवरच्या एका दुकानात एका परिचितांचा लॅपटॉप ‘स्लो झाला’ म्हणून दिला होता. दुकानदाराने ‘सी ड्राइव्हमध्ये जागा करून दिली’ असे अभिमानाने सांगितले. ती जागा त्याने हायबरनेटच बंद करून मिळवली होती. हा सल्ला इंटरनेटवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. हायबरनेटची फाइल मोठी असते हे खरे, विंडोज 10 पासून ती पूर्ण स्वरूपात रॅमच्या साधारण 40 टक्के असते, म्हणजे 16 जीबी रॅमला सहा-साडेसहा जीबी. पण या जागेच्या बदल्यात काय जाते ते कोणी सांगत नाही. बॅटरी अगदी संपत आली की लॅपटॉप स्वतःहून हायबरनेट होतो आणि काम वाचते. स्लीपमध्ये बॅटरी फार उतरू लागली की नवी विंडोज आपण होऊन हायबरनेटकडे वळते. हे दोन्ही आधार त्या सहा जीबींबरोबर निघून जातात. त्या परिचितांची रात्री दोनदा लाईन गेली, झाकण मिटलेले, चार्जर नावापुरता लावलेला, आणि सकाळी विवरणपत्राचे अर्धे काम नाहीसे. जागाच हवी असेल तर ‘डाउनलोड्स’मधले तीन वर्षांपूर्वीचे सिनेमे आधी काढावेत.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की हायबरनेटने एसएसडी झिजते. हिशेब करून पाहू. दिवसातून दोनदा हायबरनेट केले आणि दर वेळी 6 जीबी लिहिले गेले, तरी वर्षाला साडेचार टीबीच्या (एक टीबी म्हणजे सुमारे हजार जीबी) आत लेखन होते. 250 जीबीच्या चांगल्या एसएसडीला साधारण 150 टीबी लेखनाची हमी मिळते. तीस वर्षांहून अधिक काळ तोच लॅपटॉप वापरणाऱ्यांनी ही काळजी अवश्य करावी.

विंडोज 8 पासून मायक्रोसॉफ्टने हायबरनेट हा पर्याय पॉवरच्या यादीतून मुळातच लपवून ठेवला आहे, त्यामुळे तो शोधून चालू करावा लागतो. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, तेथे डावीकडे पॉवर बटणाने काय व्हावे हे ठरवण्याचा दुवा, मग वरती सध्या अनुपलब्ध असलेल्या सेटिंग बदलण्याचा दुवा, आणि खाली ‘हायबरनेट’समोरच्या चौकोनात खूण. त्याच पानावर झाकण मिटल्यावर काय व्हावे हेही ठरवता येते आणि तेथे बॅटरीसाठी व चार्जरसाठी वेगवेगळे रकाने असतात. माझी निवड पक्की आहे: चार्जर लावलेला असताना झाकण मिटले तर स्लीप, बॅटरीवर असताना मिटले तर हायबरनेट. बॅटरीवर लॅपटॉप मिटला जातो तो बहुतेक वेळा कोठेतरी नेण्यासाठीच, म्हणून हा नियम जवळजवळ कधीच चुकत नाही. चहाला उठताना झाकण मिटायची सवय असलेल्यांना दहा सेकंदांची वाट पाहणे जाचक वाटते. त्यांनी झाकण उघडेच ठेवून पडदा कुलूपबंद करावा. जुन्या हार्ड डिस्कचा लॅपटॉप असेल तर मात्र मिटल्याबरोबर बॅगेत कोंबू नये, लेखन संपून सगळे दिवे विझेपर्यंत थांबावे, कारण फिरत्या डिस्कला त्या वेळी बसलेला धक्का महागात पडतो.

जाता जाता ‘शटडाऊन’बद्दल. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलेल्या विंडोजमध्ये शटडाऊन हेही अर्धे हायबरनेटच असते: आपले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा उतरवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. म्हणून प्रिंटर अडला असता ‘बंद करून चालू केला, तरी तसेच’ अशी तक्रार येते. ताजी सुरुवात हवी असेल तर ‘रीस्टार्ट’ करावे, किंवा शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक करावे.

मॅकबुकधारकांनी यातले बरेचसे विसरले तरी चालेल. मॅकबुक मिटल्यावर रॅममधले काम डिस्कवरही उतरवून ठेवतो. विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रणाली असेल तर तिच्यात हायबरनेट सुरुवातीला चालू नसते आणि ते चालू करणे हा स्वतंत्र प्रपंच आहे, त्यामुळे प्रवासाला निघताना तेथे सरळ शटडाऊनच बरे.

आणि दिवाळीला किंवा उन्हाळ्याच्या सुटीत लॅपटॉप दोन-तीन आठवडे कपाटात राहणार असेल तर बॅटरी निम्म्यावर आणून तो हायबरनेट किंवा शटडाऊन करून ठेवावा. स्लीपमध्ये ठेवलेली बॅटरी चार-सहा दिवसांत तळाला जाते आणि नंतर रिकामीच पडून राहून खराब होते. कपाटात ठेवण्यापूर्वी कडेचा दिवा पाहून घ्यावा: बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो स्लीपमध्ये मंद लुकलुकतो. लुकलुकत असेल, तर लॅपटॉप फक्त मिटलेला आहे.