रस्सा दारूला अडवत नाही

गटारीला कोल्हापुरात हमखास कानावर पडतं, 'मटण हाणलं की दारू बाधत नाही भावा.' तांबडा-पांढरा मलाही जीव की प्राण, पण हे साफ चूक आहे. भरल्या पोटी दारू रक्तात सावकाश उतरते, पण उतरते बहुतेक सगळीच.

हिशेब बघा. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 180 मिली क्वार्टरमध्ये सुमारे 61 ग्रॅम अल्कोहोल असतं. वर 60 मिलीचा पेग चढवला की 80 ग्रॅम पार. रोज एवढी, पाचेक वर्षं रिचवणाऱ्यांत अल्कोहोलिक कार्डिओमायोपथी हा हृदयस्नायूचा आजार दिसू लागतो. अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, नॉर्मल आली तरी तो असू शकतो, कारण इथं बिघडतो स्नायूच.

हृदयाच्या एकेका पेशीतलं काम बघावं तितकं थोडंच. दर ठोक्याला पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम सुटतं, अ‍ॅक्टिन-मायोसिनचे तंतू एकमेकांवर सरकतात, पेशी आखडते. ती सैल पडायची तर तेच कॅल्शियम लगोलग उपसून परत कोठारात भरावं लागतं. दिवसाला सुमारे एक लाख वेळा! त्यासाठी लागणारं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, मायटोकॉन्ड्रिया ही पेशीतली ऊर्जाकेंद्रं बनवतात, आणि त्यांनी पेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग व्यापलेला असतो. दारूपासून तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड नेमका त्यांच्यावरच घाव घालतं. एटीपी कमी पडतं, कॅल्शियमची ने-आण विस्कटते, पेशी मरतात. त्यांच्या जागी नव्या पेशी जवळपास येतच नाहीत. जागा भरते ती व्रणाच्या ऊतीनं, आणि तिला आखडता येत नाही. मग डावा कप्पा फुगतो, भिंत पातळ होते. लाप्लासचा नियम सांगतो की दाब तेवढाच ठेवायचा तर रुंद कप्प्याच्या भिंतीवर ताण जास्त येतो. म्हणजे दमलेल्या स्नायूच्याच मानेवर आणखी जू, आणि त्या ताणानं कप्पा आणखी फुगतो.

निरोगी डावा कप्पा दर ठोक्याला आतलं 55 ते 70 टक्के रक्त बाहेर टाकतो. इथं तो आकडा 40 च्याही खाली घसरतो. रंकाळ्याची नेहमीची फेरी अर्ध्यावर सोडावी लागते, संध्याकाळी मोजा काढल्यावर पोटरीवर खोल वळ राहतो, बोट दाबलं तर खड्डा पडतो. ठोके अनियमित झाले तर गुठळी होऊन पक्षाघाताचीही भीती.

अशा माणसाला घरचे अंगारा लावतात, भाजीत गुपचूप 'दारू सोडवायची पुडी' कालवतात, याची मला मनापासून चीड येते. पुडीत डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असलं आणि वर दारू पोटात गेली, तर आधीच दुबळ्या हृदयाच्या जिवावर बेतू शकतं.

रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. म्हणून सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हृदयाची औषधं घेत. वेळेत पूर्ण थांबलेल्या अनेकांचा फुगलेला कप्पा काही महिन्यांत इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पुन्हा लहान झालेला दिसतो.